ठसा आपल्या गटाचा: हातछापाची भेटकार्डं



भेटकार्डाचा विषय काढला की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला. मोबाइलवर फुकट शुभेच्छा जातात, मग कार्ड विकत घेणार कोण? आणि दुसरं वाक्यही ठरलेलं, "माका काय चित्र काढूक येणा नाय."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या रस्त्यावरूनच मिळतं. कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणला जाणारा पर्यटक आपल्या तळ्यावर गाडी थांबवतो. चाकरमानी मे महिन्यात आणि चतुर्थीला येतात, जाताना काजू, कोकम, आंबापोळी नेतात. ते कुणाला तरी द्यायचं असतं, आणि दिलेल्या वस्तूबरोबर चार अक्षरं लिहायला चांगला कागद लागतो. संक्रांतीला तर टपालाने तिळगूळ पाठवायची आपली मराठी रीत जुनी आहे. छोट्या कार्डात हलव्याचे चार दाणे घालून पाकीट लांबच्या नातेवाइकांना जायचं. आज ते कार्ड हळदीकुंकवाच्या वाणातही जाऊ शकतं. म्हणजे गिऱ्हाईक आहे, पण ते बाजारात मिळणाऱ्या छापील कार्डासाठी आपल्याकडे येणार नाही. त्याला इथलं काहीतरी हवंय.

दुसऱ्या वाक्याचं उत्तर म्हणजे ठसा. आजचं सगळं बोलणं त्याच्यावरच आहे.

आपल्याच जिल्ह्यात हाताने केलेल्या पत्त्यांची मोठी परंपरा आहे, सावंतवाडीचा गंजिफा. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पानं असतात आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. ही कला संपत आली होती, ती शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली. आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण गंजिफाचं एक पान रंगवायला मुरलेला हात लागतो. तसा हात तयार व्हायला वर्षं जातात. दहा बायकांच्या गटात एकीचा हात चांगला असतो, बाकी नऊ जणी तिच्याकडे बघत बसतात. पैसेही मग तिच्याच कामाचे होतात, आणि तिच्या घरी लग्न निघालं की गटाचं काम बंद.

ठशाने ही अडचण सुटते. चित्र काढायचं काम एकदाच, एकीने करायचं. ते रबरावर कोरलं की उरलेल्या नऊ जणी तेच चित्र शेकडो वेळा छापू शकतात, आणि पाचवीत शाळा सोडलेल्या बाईचं कार्ड आणि बारावी झालेल्या मुलीचं कार्ड शेजारी ठेवलं तर फरक सांगता येत नाही. ठसा आपल्याला नवा नाहीच म्हणा. कपाळावर गोपीचंदनाच्या मुद्रा उठवणारे वारकरी आपण बघतो. उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं उठवायचे साचे घरोघरी असतात. 'शिक्कामोर्तब' हा शब्दही तिथलाच. जुन्या मोडी पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे त्यापुढे कुणी काही घुसडू नये.

आता ठसा आणायचा कुठून? शहरातल्या हस्तकलेच्या दुकानात तयार ठसे मिळतात. फुलपाखरं, फुगे, गुलाब, इंग्रजीत हॅपी बर्थडे. दिसायला सुबक, किमतीला महाग. आमचं स्पष्ट मत आहे की गटाने त्यांत पैसे घालू नयेत. तोच ठसा पुण्यातल्या मुलीकडे असतो, दिल्लीतल्या मुलीकडेही असतो. धामापूरच्या कार्डावर गुलाब कशाला? इथे सुरंगी आहे, ओवळं आहे, माडाची झावळी आहे. १५३० साली बांधलेलं तळं आहे, ज्याला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत जागा मिळाली. हे आपल्या ठशावर यायला हवं.

कोरायला सर्वांत सोपं साधन म्हणजे मोठं, पांढरं, मऊ खोडरबर. पेन्सिलीने चित्र ट्रेसिंग पेपरवर काढायचं, कागद उलटा करून रबरावर ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. पेन्सिलीचा शिसा रबरावर उतरतो आणि तो आपोआप उलटा उतरतो, जसा ठशाला हवा असतो तसा. मग कोरणी. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तोंडाची लिनो कोरणी स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळते. कोरताना कोरणी आपल्या बोटांच्या विरुद्ध दिशेला चालवायची आणि वळण आलं की हात वळवायचा नाही, खालचं रबर फिरवायचं. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रेघेच्या कडेला रबर कापताना कोरणी बाहेरच्या बाजूला कलती ठेवा, म्हणजे रेघेचं बूड रुंद आणि माथा अरुंद राहील, बांधासारखा. रेघेच्या खालून रबर पोखरलं गेलं तर दहा-वीस छापांत ती रेघ आडवी पडते.

मोठ्या आकारांसाठी सायकलची जुनी ट्यूब उत्तम. ती उघडून, साबणाने धुऊन, कात्रीने पान, होडी, मासा असा आकार कापायचा आणि सुताराकडच्या लाकडाच्या तुकड्यावर चिकटवायचा. झाला ठसा. खर्च जवळजवळ शून्य. जुन्या स्लिपरच्या तळव्याचाही ठसा होतो, पण तो फोम असल्यामुळे छाप दाणेदार येतो. डोंगर, वाळू, ढग यांना तो दाणा शोभतो, फुलाला नाही. भेंडीचं आडवं काप फुलासारखं उठतं आणि केळीच्या पानाचा दांडा कापला तर जाळीदार चंद्रकोर मिळते. हे ठसे मात्र एका दुपारचेच, संध्याकाळपर्यंत मऊ पडतात.

अक्षरं कोरायची असतील तर देवनागरीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. शिरोरेषा बारीक ठेवली तर ती पहिली तुटते. अनुस्वाराचा टिंब लहान राहिला तर दोन-चार दिवसांत उडून जातो आणि 'संक्रांत'ची 'सक्रांत' होते. म्हणून शिरोरेषा जाड, टिंब मोठा, आणि 'शु', 'भ' यांच्या पोटातली मोकळी जागा नेहमीपेक्षा जास्त. इतकं करूनही लांब मजकूर खोडरबरावर कोरू नये. त्यासाठी कुडाळ-मालवणला कार्यालयांचे शिक्के बनवणारे आहेत. गटातल्या ज्या बाईचं अक्षर वळणदार असेल तिच्याकडून काळ्या पेनने पांढऱ्या कागदावर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' किंवा 'शुभ दीपावली' लिहून घ्यावं आणि तेच अक्षर शिक्केवाल्याला द्यावं. संगणकातलं अक्षर नको. एवढ्या एका गोष्टीने कार्ड वेगळं दिसतं.

आता शाई. इथे नीट लक्ष द्या, कारण कोकणातली हवा शाईची परीक्षा घेते.

कार्यालयात वापरतात ती जांभळी किंवा निळी स्टॅम्प पॅडची शाई सगळीकडे मिळते आणि स्वस्त आहे. तिच्यात ग्लिसरीनसारखा न सुकणारा पदार्थ असतो, पॅड ओला राहावा म्हणून. साध्या कागदात ती मुरते आणि सुकते. गुळगुळीत, चकचकीत कागदावर ती दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. हातकागदावर ती फुटते, म्हणजे रेघेच्या कडेने केसासारखे तंतू पसरतात. तेव्हा ही शाई हात बसवायला, सरावाला ठेवा.

हस्तकलेच्या शाईत मुख्य दोन जाती आहेत. एक पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, जिला दुकानदार डाय इंक म्हणतात. ती कागदात मुरते, लवकर सुकते, पारदर्शक असते, पण पाण्याचा थेंब पडला तर बहुधा पसरते आणि उन्हात फिकी होते. दुसरी पिगमेंट इंक. हिच्यात रंगाचे बारीक कण असतात आणि ते कागदाच्या वर बसतात. रंग घट्ट येतो, टिकतो, रंगीत कागदावरही दिसतो, पण सुकायला वेळ घेते. एप्रिलमध्ये ती तासाभरात सुकेल, जुलैत रात्रभर ठेवूनही भरवसा नाही. म्हणून चतुर्थीची कार्डंसुद्धा मे महिन्यातच छापून, पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावीत. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी ओढतो, कार्ड वाकतं, आणि मग कितीही सुंदर छाप असला तरी गिऱ्हाईक ते हातात घेऊन परत ठेवतं.

दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा घरी तपासणी करा. सुकलेल्या छापावर पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभराने टिपा. दुसऱ्या छापाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो उन्हाच्या खिडकीत आठ-दहा दिवस ठेवा, मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे ताडून बघा. शाईवर खर्च करण्याआधी एवढं केलंच पाहिजे.

काही बायका विचारतात, हळद-कुंकवाची शाई चालेल का? हळदीची एक गंमत मुलांना दाखवायला छान आहे. हळदीच्या पाण्याने कागद पिवळा रंगवून सुकवायचा आणि ठसा चुन्याच्या निवळीत बुडवून त्यावर उठवायचा. लालभडक छाप उमटतो, कारण हळदीला क्षार लागला की ती लाल होते, कुंकू करण्याची जुनी युक्ती तीच. पण हा लाल रंग काही दिवसांत उतरतो आणि हळदही उन्हात उडते. विकायच्या कार्डावर ती नको.

छापताना ठसा पॅडवर दाबू नये. ठसा उताणा धरून पॅडच त्याच्यावर हलके हलके थोपटावा, म्हणजे शाई फक्त उंच भागावर लागते. कार्डाखाली चार घड्यांचं वर्तमानपत्र ठेवा. ठसा सरळ टेकवा, तळव्याने सारखा दाब द्या, न डुलवता सरळ वर उचला. भाकरी थापणाऱ्या हाताला दाब शिकवावा लागत नाही, एवढं आम्ही बघितलं आहे. ठसा तळव्यापेक्षा मोठा असेल तर उलट करा. ठसा टेबलावर उताणा ठेवून कागद त्याच्यावर पालथा घाला आणि चमच्याच्या पाठीने घासा.

एवढं जमलं की शाईच्या दोन-तीन करामती शिकण्यासारख्या आहेत. तळ्याचंच चित्र घेऊ. ठसे तीनच, डोंगराची रेघ, होडी आणि पाण्याच्या लाटा. डोंगराला शाई लावून पहिला छाप रद्दी कागदावर उठवायचा आणि पुन्हा शाई न लावता दुसरा छाप कार्डावर. तो फिका येतो, आणि फिकं ते लांबचं वाटतं. मग त्याच्या जरा खाली ताज्या शाईने दुसरी डोंगररांग. एकाच ठशातून जवळचा डोंगर आणि लांबचा डोंगर.

दुसरी करामत झाकणीची. होडी पुढे हवी आणि लाटा तिच्या मागून गेलेल्या दिसायला हव्यात. अशा वेळी पुढची वस्तू आधी छापायची. होडी कार्डावर छापली की तीच होडी पातळ कागदावर छापून कडेने कापून घ्यायची. तो कागद कार्डावरच्या होडीवर नेमका बसवायचा आणि वरून लाटांचा ठसा उठवायचा. झाकणी उचलली की होडी कोरी आणि लाटा तिच्या कडेला येऊन थांबलेल्या. बघणाऱ्याला हे कसं केलं ते कळत नाही.

आकाशासाठी स्पंजचा तुकडा. स्पंजाला शाई लावून आधी रद्दीवर टिपायचा आणि मग कार्डाच्या कडेपासून आत गोल गोल फिरवत न्यायचा. कडेला गडद, मध्ये फिका असा संधिप्रकाश येतो. स्पंज फिरवण्याआधी मेणबत्तीच्या टोकाने आकाशात गोल काढून ठेवला, तर मेणावर पाण्याची शाई धरत नाही आणि तिथे चंद्र कोरा राहतो. एम्बॉसिंग पावडरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ओल्या पिगमेंट शाईवर ती पावडर टाकून, जादा झटकून, उष्णता दिली की ती वितळून छाप उठावदार आणि चमकदार होतो. केस वाळवायच्या यंत्राने ते होत नाही, ते पावडर उडवून लावतं. त्याला हीट गन लागते. दिसतं सुरेख, पण वेळ दुप्पट जातो. लग्नाच्या खास मागणीशिवाय आम्ही त्याच्या नादी लागू नका असंच सांगू.

कागद निवडताना दोन गोष्टी बघा. हातकागद घेतला तर त्याला खळ दिलेली आहे का विचारा. खळ म्हणजे आपल्या भाताच्या पेजेसारखा पिष्टमय थर. जुने कागदी लोक तांदळाची खळ देऊन कागद घोटत, म्हणून त्यावर बोरूची शाई फुटत नसे. खळ नसलेला कागद टीपकागदासारखा वागतो. दुसरी गोष्ट वजन. कागदावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून २४० जीएसएमचा ए-फोर कागद १५ ग्रॅमचा, आणि त्याचा अर्धा करून दुमडलेलं आपलं कार्ड साडेसात ग्रॅमचं. त्यात पाकिटाचे चार-पाच ग्रॅम धरले तरी टपालाच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात आरामात बसतं. त्यावर मणी, आरसे, लेस, सुकलेली फुलं चिकटवली की वजनही वाढतं आणि टपालाचा शिक्का बसताना पाकीट फाटतं. ठशाचं कार्ड सपाट असतं हाच त्याचा मोठा गुण आहे, तो घालवू नका.

चित्राबद्दल दोन सूचना. मोबाइलवर बघितलेलं दुसऱ्याचं चित्र कोरू नका, कार्टूनमधली पात्रं तर नाहीच, ती कुणाच्या तरी मालकीची असतात. पिंगुळीची चित्रकथी आपल्या शेजारची असली तरी ती ठाकर समाजाची कला आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्या आकृत्या आपण ठशावर उचलणं बरं दिसत नाही. आणि देवाचं चित्र शक्यतो टाळा. कार्ड शेवटी केरात जातं, मग घेणाऱ्यालाच ते टाकताना जिवावर येतं. भगवतीचं देऊळ तळ्याच्या काठाला आहे म्हणून पाण्यातलं प्रतिबिंब दाखवा, तेवढं पुरे.

आता पैशाचं. इथेच गट मोडतात, म्हणून हिशेब उघडा मांडू. समजा चौघी जणींनी तीन तास बसून ६० कार्डं केली. म्हणजे बारा तासांचं काम. ताशी ६० रुपये धरले तर मजुरी ७२०, एका कार्डाला १२ रुपये. कागद, पाकीट, शाई मिळून ९ रुपये. खराब निघणाऱ्या कार्डांसाठी १ रुपया. ने-आणीला ३. ठसानिधीला २. झाले २७ रुपये. दुकानदार विक्रीवर तीस टक्के घेत असेल तर २७ ला विकून चालणार नाही आणि ३५ लाही नाही, कारण ३५ मधले साडेदहा त्याचे गेले की साडेचोवीसच उरतात. किंमत ४० ठेवावी लागते, तेव्हा हाती २८ येतात. आकडे तुमचे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा. बहुतेक ठिकाणी मजुरीचा रकाना कोरा सोडतात, "घरातच तर बसून केलं" म्हणून. दुपारचे तीन तास काजू सोलायला गेलो असतो तर कुणी फुकट बोलावलं असतं का?

ठसानिधीचे २ रुपये कशाला, ते सांगतो. जिने ठसा कोरला तिने एकदाच काम केलं, पण तिच्या ठशावर गट वर्षभर छापतो. तिला एकदाच कोरणावळ देऊन मोकळं व्हायचं, की प्रत्येक कार्डामागे तिचा वाटा ठेवायचा? आम्हाला दुसरी रीत न्यायाची वाटते. २ रुपयांतला १ कोरणारीचा आणि १ नव्या रबराचा, कोरणीचा. ठरेल ते महिन्याच्या बैठकीत बोलून इतिवृत्तात लिहून घ्यावं आणि ठसा गटाचा की तिचा, हेही त्यातच लिहावं. ती गावाबाहेर गेली, सासर बदललं, गट सोडला, अशा वेळी हाच कागद कामाला येतो.

तेच ठसे काजूच्या, कोकमाच्या पाकिटांना बांधायच्या चिठ्ठ्यांवरही उठवता येतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जायची वेळ आली तर सगळ्या मालाला एकच ओळख मिळते. फक्त शाई खाण्याच्या वस्तूला टेकणार नाही, चिठ्ठी बाहेरच राहील, हे बघा.

काम झालं की ठसे ओल्या फडक्याने पुसायचे. रॉकेल, थिनर, खोबरेल तेल, काही लावू नका, रबर फुगतं आणि चिकट होतं. कापडरंग वापरला असेल तर तो सुकायच्या आत धुवा, एकदा वाळला की कोरलेल्या रेघा बुजतात. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नका. उन्हात वाळत घालू नका, रबराला भेगा जातात. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एकावर एक न रचता सुटे ठेवा, आणि प्रत्येक ठशाच्या लाकडावर वरच्या बाजूला त्याचाच एक छाप कागदावर उठवून चिकटवा. म्हणजे डबा उघडला की उलटं अक्षर वाचत बसायला नको, हवा तो ठसा कुणालाही पटकन सापडतो.